गोधडीचा दोरा

दुपारी येतो म्हणालेला बिभीषण सकाळीच टेम्पो घेऊन वसतिगृहाच्या फाटकाशी येऊन उभा राहिला, आणि नेमकी त्याच वेळी राजश्री तिथं पोचली. तिच्या कडेवर लेक मितू होती, दोन्ही खांद्यांना एकेक पिशवी होती, आणि एका चपलेचा अंगठा वाटेतच तुटल्यामुळं ती एक पाय फरफटत चालत होती.

"काय ताई, तुमी बी भंगारच द्यायला आलाव का?" बिभीषणनं तिच्या चपलेकडं बघत विचारलं.

"नाही. तुमच्या टेम्पोतलं काढून घ्यायला आले."

"अजून तर टेम्पो रिकामाच हाय."

"तसाच राहू द्या मग," राजश्री म्हणाली आणि आत शिरली. बोलताना आवाज ठणठणीत निघाला, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

वडवणीच्या कडेला, माळावरचं हे मुलींचं वसतिगृह. आईबाप दिवाळीनंतर कोयता घेऊन उसाच्या फडावर जायचे ते गुढीपाडव्याच्या आगेमागे परतायचे. तोवर त्यांच्या पोरी इथं राहून शाळा शिकायच्या. वसतिगृहाच्या शेवटच्या खोलीत वीस पडदे मांडलेले होते. दिसायला वीस कॉम्प्युटर, पण खरा कॉम्प्युटर एकच. कोपऱ्यातल्या लाकडी टेबलावरचा तो भलामोठा काळा सर्व्हर. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीनं जुना झाला म्हणून दान दिलेला. वीसही पडद्यांवर जे काही उमटायचं ते त्याच्या पोटातून यायचं. तो जागा असला की सगळे जागे, तो झोपला की सगळ्यांच्या डोळ्यांपुढं अंधार.

आणि होळी झाल्यापासून तो सारखा झोपायला लागला होता. चालू करावा, थोडा वेळ गुरगुरावा, आणि आपोआप बंद. बीडच्या एका माणसाला फोन लावला तर त्यानं फोनवरच निकाल दिला, "जुनं मशीन आहे, पार्ट मिळत नाहीत, विकून टाका." संस्थेचे सचिव भगवानराव. निवृत्त मुख्याध्यापक, माणूस सरळ. पण बंद पडलेल्या वस्तूवर जीव टाकत बसणारे नव्हेत. त्यांनी बिभीषणला सांगावा धाडला आणि खोलीत धान्याची पोती रचायचं ठरवून टाकलं.

ही बातमी राजश्रीला आठवडी बाजारात कळली, कोथिंबिरीच्या ढिगापाशी. वसतिगृहात स्वयंपाकपाणी बघणाऱ्या दगडाबाईनं जुडी निवडता निवडता सांगितली, आणि वर म्हणाली, "तू शिकलीस ना बाई त्यातलं? मग कावून घरात बसायलीस?"

कावून. राजश्रीनं अंबाजोगाईला डिप्लोमा केला होता, बीडमध्ये एका दुकानात मशिनं उघडून दुरुस्त करायचं काम केलं होतं. मग लग्न झालं, मग मितू झाली. नवरा विलास एस.टी.त कंडक्टर, त्याच्या ड्युट्या अशा की घरात असला तरी झोपलेला. हत्यारांची पिशवी पाळण्याच्या वरच्या खुंटीला लटकली ती लटकलीच. मितू पाळण्यात पडल्या पडल्या तिच्याकडं बघून हसायची, खेळणं समजून. राजश्रीला ते हसू बघून कधी बरं वाटायचं, कधी पिशवी खाली काढून कुठंतरी नजरेआड ठेवावीशी वाटायची.

बाजारातून ती तशीच भगवानरावांकडं गेली होती. "सर, मला एकदा बघू द्या."

त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं, कडेवरच्या लेकराकडं पाहिलं. "टेम्पो भरेपर्यंत बघ. चालू झालं अन् चालू राहिलं, तर खोली राहील. पोरींना शिकवायला बाईही लागेल, ती तूच. पण नाही झालं तर मला मग अडवू नकोस, राजश्री."

पायी जाण्याच्या अंतरावरचं काम, लेकराला घेऊन जाता येईल असं. असं काम पुन्हा सांगून येत नसतं. रात्री तिनं विलासला सांगितलं तेव्हा तो झोपेतच "हूं" म्हणाला, आणि जरा वेळानं उठून बसून म्हणाला, "खरंच?" सासूबाई भाचीच्या बाळंतपणाला पाटोद्याला गेल्या होत्या. फोनवर त्या म्हणाल्या, "लेकराला संगं ने. रडलं तर रडलं. जयभीम."

तर आता मितू संगं होती.

दगडाबाईनं खोलीच्या दाराशी गोधडी अंथरून ठेवली होती. राजश्रीनं झोपेला आलेल्या मितूला तिच्यावर टाकलं, हातातल्या बांगड्या काढून पिशवीत ठेवल्या. ओढणी कमरेला बांधली. सर्व्हरच्या मागं दोन वायरी होत्या, दोन्ही उपसल्या, आणि चालू करायचं बटण बोटानं दाबून धरलं.

"वायरी तर काढल्यास की. आता बटन कावून दाबायलीस?" दगडाबाईनं विचारलं.

"आत थोडा करंट उरतो मावशी. चूल विझवली तरी आर उरतो ना, तसा. तो आधी घालवायचा."

मग तिनं पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावला. मार्चची कोरडी हवा, केसात कंगवा घातला तरी ठिणगी तडतडावी अशी. माणसाच्या अंगातली तेवढी ठिणगीसुद्धा मशीनच्या आतल्या नाजूक भागांना जाळायला पुरते. आत हात घालायच्या आधी दरवेळी पत्र्याला शिवायचं, ही तिची जुनी सवय. हातांना ती आठवत होती. तेवढ्यानंच तिला जरा धीर आला.

झाकण सरकवून काढलं, आणि ती बघतच राहिली.

आत मधोमध तांब्याच्या पातळ पत्र्यांचा एक ठोकळा असतो, फणीचे दात दाटीवाटीनं उभे केल्यासारखा. त्याला हीट सिंक म्हणतात. त्याच्याखाली मशीनचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर. मेंदू काम करताना तापतो, ठोकळा तो ताप ओढून वर घेतो, आणि पंखा पत्र्यांमधून वारा फिरवून तो ताप बाहेर टाकतो. पण या ठोकळ्याचं तांबं दिसतच नव्हतं. फणीचे दात पांढऱ्या कडक थरानं लिंपून गेले होते. पाणी तापवायच्या हंड्याच्या काठाला बोअरच्या पाण्याचा क्षार धरतो ना, अगदी तसे.

राजश्रीनं हळूच मान वळवून खिडकीकडं पाहिलं. खिडकीत कूलर होता. त्याचं तोंड थेट सर्व्हरकडं.

"मावशी, हा कूलर इकडं कुणी वळवला?"

दगडाबाईचा हात पदराकडं गेला. "म्या. मशीन तापायलंय, तापायलंय, म्हनायल्या पोरी. मला वाटलं, मानसाला ऊन बाधतं तसं त्याला बी बाधत असंल. आमी जेवनघरात तसंच बसलो, पर कूलर हितं लावला. संक्रांतीपासनं रोज सकाळी बोअरच्या दोन बादल्या वतायची मी त्यात." तिनं पेटीत डोकावून पाहिलं. "ते पांढरं... त्याच्यानंच झालंय व्हय गं?"

कूलरच्या वाऱ्याबरोबर पाण्याचे बारीक कण उडत राहिले, तापलेल्या तांब्यावर बसून वाळत राहिले, आणि मागं क्षार सोडून गेले. गारवा मिळावा म्हणून लावलेल्या कूलरनंच मशीनच्या नाकातोंडाला चिखल लिंपला होता. राजश्रीच्या ओठांवर शब्द आला होता. पण दगडाबाईची कंबर तिला ठाऊक होती. अर्धी हयात ऊस तोडून, मोळ्या वाहून वाकलेली, कायमची. त्या कंबरेनं तिनं रोज दोन बादल्या उचलल्या होत्या, मशीनसाठी.

"तुम्ही मायेनं केलंत मावशी. बोअरच्या पाण्याला माया कळत नाही, त्याला काय करणार?" राजश्री म्हणाली. "आता हे उतरवून धुवायचं. धुतलं की झालं."

झालं म्हणणं सोपं होतं.

आधी तिनं पंख्याची बारीक वायर सोडवली. ठोकळ्याला चार कोपऱ्यांना चार स्क्रू. एक जरासा सैल करायचा, मग त्याच्या समोरच्या कोपऱ्यातला, मग उरलेले दोन, पुन्हा पहिला. एकच कोपरा सगळा मोकळा केला तर ठोकळा कलतो आणि खालच्या मेंदूवर सगळा भार एका बाजूनं पडतो. बिभीषण दाराला टेकून हे बघत होता.

"जीपचं चाक खोलायलाव जनू."

"तसंच आहे हे."

"मग आमाला न्हाई का येनार? आमी रोज खोलतोय."

स्क्रू सगळे मोकळे झाले. राजश्रीनं ठोकळा दोन्ही हातांत धरला, डावीउजवीकडं किंचित फिरवून पाहिला. हलला नाही. पुन्हा पाहिलं. भिंतीत चिणल्यासारखा. ठोकळा आणि मेंदू यांच्यामध्ये एक पेस्ट लावलेली असते, ताप नीट पोचावा म्हणून. नवी असते तेव्हा लोण्यासारखी असते. वर्षानुवर्षं तापून तापून ती आता दगड झाली होती.

"ताई, पेचकस घाला खालून अन् द्या एक झटका," बिभीषण खिशातला पेचकस काढून पुढं करत म्हणाला. "कसं निघत न्हाई बगू."

"झटक्यानं निघेल हो. पण खालचा मेंदू घेऊन निघेल. त्याच्या पायाशी केसाएवढ्या पिना असतात. एक वाकली की संपलं, मग खरंच तुमच्या टेम्पोत."

"मग माजं काम सोपं हुईल," तो हसत म्हणाला. पण हसताना त्यानं पेचकस परत खिशात घातला.

भगवानराव व्हरांड्यातून आले. "काय गं, जमतंय का?"

"जमतंय सर. जरा चिकटलंय."

त्यांनी उघड्या पेटीकडं पाहिलं, त्यांना त्यातलं काही कळलं नाही, आणि न कळल्याचं त्यांनी लपवलंही नाही. "मशीन जुनं आहे, बाळ. तुझ्या हाताचा दोष आहे असं नाही कुणी म्हणायचं."

ते आधीच समजूत घालायला लागले होते. राजश्रीनं पुन्हा ठोकळा धरला. या वेळी बोटांना घाम होता आणि मनात घाई. दारात टेम्पो, पाठीशी सर, आणि सगळ्यांच्या तोंडी जुनं, जुनं. तिनं जरा जास्त जोर लावला. कुठंतरी आत करकर वाजलं. तिनं हात झटकन मागं घेतला, जणू चटका बसला.

आणि मितू जागी झाली.

जागी झाली ती साधी नाही. आपण कुठं आहोत, ही कोण माणसं, आपली आई तिकडं पेटीत तोंड घालून का बसलीय, या सगळ्याचा जाब विचारत जागी झाली. खोली दणाणून गेली.

"लेकरू बी म्हनायलंय, द्या सोडून," बिभीषण पुटपुटला.

"गप रे," दगडाबाई त्याच्यावर खेकसली. "लेकराला भूक लागलीय. व्हा भायेर दोघं बी. सर, तुमी बी."

पुरुष बाहेर गेले. दगडाबाईनं दार लोटून घेतलं. राजश्री भिंतीला पाठ टेकून गोधडीवर बसली, हात स्पिरिटनं पुसले, ओल्या कपड्यानं पुन्हा पुसले, आणि मितूला पदराखाली घेतलं. ओढणीचाच पदर, पण मितूला तो चालायचा. रडणं एकदम थांबलं. लहान मूठ आईच्या कुर्त्याचं बटण घट्ट पकडून राहिली.

राजश्रीनं डोळे मिटले. करकर कशाची होती? वाकलं असेल का काही? आता उठावं आणि सरांना सांगावं, जुनंच आहे सर. ते काही म्हणणार नाहीत. कुणीच काही म्हणणार नाही. तेच तर वाईट होतं. पिशवी पुन्हा खुंटीला जाईल, मितू पुन्हा तिच्याकडं बघून हसेल, आणि घरात सगळं कसं अगदी सुखाचं असेल.

मितूचं पिणं मंदावलं. डोळे मिटले. पण तोंड सोडेना. पोट भरलं तरी झोपेत धरून ठेवायची तिची खोड होती. राजश्रीनं नेहमीसारखीच करंगळी तिच्या ओठांच्या कोपऱ्याशी नेली, हलकेच आत सरकवली. जराशी हवा शिरली. ओठ आपोआप सुटले, मितूला जागसुद्धा आली नाही.

पहिल्या आठवड्यात राजश्री ओढून सोडवायची. रक्त यायचं, डोळ्यांत पाणी यायचं. अंबाजोगाईला दवाखान्यात एका नर्सबाईनं ते पाहिलं आणि तिच्या हातावर चापट मारून म्हणाली होती, "ओढतीस काय गं, दावं आहे का ते? जिथं चिकटलंय तिथं कोपऱ्यातून वाट करून दे. आपण होऊन सुटतं."

राजश्री तशीच बसून राहिली. करंगळी अजून हवेत होती. मग तिनं टेबलावरच्या पेटीकडं पाहिलं.

"मावशी," ती कुजबुजली, "तुमच्याकडं गोधडीचा दोरा आहे का? नायलॉनचा?"

"आता? आता गोधडी शिवतीस?"

"आहे का सांगा ना."

दगडाबाईच्या कमरेच्या चंचीत सुपारी, अडकित्ता, दोन गोळ्या आणि सुईत ओवलेला पांढरा दोरा कायमचा असायचा. तिनं तो सुईतून काढून दिला. राजश्रीनं तो बोटांत ताणून पाहिला. बारीक, गुळगुळीत, तुटता न तुटणारा.

मितूला तिनं गोधडीवर निजवलं आणि उठली. पण दोऱ्याला हात लावायच्या आधी तिनं केलं ते वेगळंच. ठोकळ्याचे चारही स्क्रू पुन्हा आवळले, वायरी जोडल्या, आणि सर्व्हर चालू केला. पंखे घोंगावले.

"चालू झालं!" भगवानराव दार ढकलून आत आले. "अगं, झालं की!"

"नाही सर. मी मुद्दाम तापवतेय." तिला स्वतःचा राग येत होता आणि हसूही. "हे मी सगळ्यात आधी करायला पाहिजे होतं. टेम्पो बघून घाई केली. थंड ताटातली गुळाची वडी निघते का कधी? ताट जरा शेकावं लागतं. आतली पेस्ट तशीच आहे."

"मंग मी च्या ठिवते," दगडाबाई म्हणाली. "च्याला उकळी आली की झोपतंय बगा हे. रोजचंच हाय त्याचं."

आणि खरंच तसंच झालं. जेवणघरातून चहाचा वास आला, पातेल्यात आलं ठेचून टाकल्याचा आवाज आला, आणि इकडं सर्व्हर एकदम गप्प झाला. भगवानरावांचा चेहरा उतरला. बिभीषणनं "गेलं बे," असा सुस्कारा टाकला, आणि त्यात आनंद नव्हता हे त्याच्याही ध्यानात आलं असावं, कारण तो खाली बघायला लागला. राजश्री मात्र पहिल्यांदाच हसली. जो ताप इतके दिवस मशीनला निजवत होता, तो आज तिच्या कामाचा होता.

वायरी काढल्या. बटण दाबून धरलं. पत्र्याला शिवली. एक कोपरा, समोरचा कोपरा, आळीपाळीनं. मग तिनं दोऱ्याची दोन टोकं दोन बोटांना गुंडाळली आणि मधला ताणलेला दोरा ठोकळ्याच्या एका कोपऱ्याशी, त्याच्या आणि मेंदूच्या मधल्या फटीशी टेकवला. ओढलं नाही. नुसता मागंपुढं, मागंपुढं सरकवत राहिली. दोरा जरासा आत गेला. अडला. ती थांबली, श्वास सोडला, पुन्हा सरकवायला लागली. करड्या रंगाची बारीक भुकटी दोऱ्याला लागून बाहेर आली.

"वाट झाली का गं?" दगडाबाईनं अगदी हळू विचारलं, जणू मशीन जागं होईल.

"व्हायलीय."

अर्ध्यापर्यंत दोरा गेला तेव्हा तिनं तो बाजूला, गोधडीच्या कडेला टाकला. ठोकळा दोन्ही हातांनी धरला. गरम होता, पण धरवत होता. किंचित डावीकडं. किंचित उजवीकडं. पुन्हा डावीकडं, आणि तिथंच हात थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

चुटकन एक लहानसा आवाज आला. ठोकळा तिच्या हातात होता.

तिनं तो लगेच उचलला नाही. आधी वाकून खाली पाहिलं. मेंदू आपल्या जागी, चौकटीत तसाच बसलेला. सरळ. सगळ्या बाजूंनी सरळ. मघाची करकर ही नुसत्या वाळलेल्या क्षाराची होती. त्याचे कपचे ठोकळ्याच्या बुडाशी पडलेले दिसत होते. राजश्रीनं तेवढ्यात ओठ घट्ट मिटले, नाहीतर तिला रडू आलं असतं आणि पेटीत पाणी सांडलं असतं, तेही खारं.

"घ्या मावशी," तिनं ठोकळा दगडाबाईच्या हातात दिला. "हा मशीनपासून सुटला, आता याला पाणी चालतं. तांबं आहे."

"तांबं?" दगडाबाईनं ठोकळा उजेडाकडं धरला. तिचे डोळे एकदम निवळले. "मग मला सांगायचं न्हाई व्हय आधी? तांब्याला चिंच लागती, बाई. दुसरं काय न्हाई."

ती हौदापाशी गेली आणि चिंचेच्या कोळात दात घासायचा नवा ब्रश बुडवून पत्रा न् पत्रा घासत बसली. भगवानराव तिच्यामागं उभे राहून "हळू, पत्रे वाकतील" असं सांगत राहिले, आणि ती "सर, तुमी घरात कधी तांब्या घासलाव का?" असं म्हणाल्यावर दोन पावलं मागं सरले. बोअरच्या पाण्यानं धुऊ नका, एवढंच राजश्रीनं ओरडून सांगितलं, तेव्हा प्यायच्या फिल्टरचं पाणी आलं. ठोकळा उन्हात ठेवला. मार्चचं ऊन, आणि वर बिभीषण टेम्पोतला पत्रा हलवून वारा घालत होता. थोड्या वेळानं तो ठोकळा असा लखलखला की शेजारच्या भिंतीवर तांबूस कवडसा पडला.

तोवर राजश्रीनं मेंदूवरची जुनी पेस्ट स्पिरिटनं हळुवार पुसून काढली, मितूच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या लंगोटाच्या तुकड्यानं. खाली चकचकीत धातू दिसला. ठोकळा पुरता वाळल्याची खात्री केली, बोट फिरवून, गालाला लावून. मग पिशवीतली ट्यूब दाबून मधोमध तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट ठेवली.

"एवढीशीच?" दगडाबाई म्हणाली. "भाकरीला तूप लावल्यावानी लाव की चांगली."

"जास्त झाली की बाहेर सांडते. आणि मग ताप उलट अडतो."

"असं हाय व्हय." तिनं ते मनाशी ठेवून घेतलं. "जास्त माया बी वाईट म्हन की."

ठोकळा सरळ वरून बसवला, कोपऱ्याकोपऱ्यानं आवळला. झाकण सरकवायला घेतलं, तेव्हा बिभीषण दारातून म्हणाला, "ताई, ती बारकी वायर लोंबायलीय. तिला तशीच ठिवायची असती का?"

पंख्याची वायर. राजश्रीनं कपाळावर हात मारला. ती जोडली नसती तर पंखा फिरलाच नसता, आणि एवढं करून मशीन पुन्हा तापलं असतं. "बिभीषणदादा, तुम्ही माझं मशीन वाचवलंत."

"आता काय बोलावं," तो मान खाजवत म्हणाला. "माज्याच पोटावर पाय दिला म्या."

वायरी जोडल्या. राजश्रीनं बटण दाबलं. पंखे एकदम ओरडले, मग आवाज खाली उतरला आणि एका लयीत आला, दूर कुठंतरी चक्की चालावी तसा. पडद्यांवर एकामागून एक उजेड आला.

"मावशी, चहा ठेवा," ती म्हणाली.

दगडाबाईनं पातेलंच उचलून आणलं आणि स्टोव्ह व्हरांड्यात मांडला, कारण तिला दोन्हीकडं एकदम बघायचं होतं. चौघंही बसले. पाणी कोमट झालं, कडेला बुडबुडे धरले. साखर पडली, पत्ती पडली, दूध पडलं. कुणी कुणाकडं पाहत नव्हतं. मितू मध्येच उठून बसली आणि वीस उजळलेल्या पडद्यांकडं तोंड उघडं टाकून बघत राहिली.

उकळी आली. दगडाबाईनं पातेलं चिमट्यानं वर उचललं, आणि श्वास धरून कान दिला.

सर्व्हर चालू होता.

तिनं पातेलं परत ठेवलं. पुन्हा उकळी आली, पुन्हा उचललं. तिसऱ्यांदा भगवानराव म्हणाले, "दगडाबाई, चहा आटला सगळा. ओता आता."

"वतते की. जरा खात्री करायलेय."

चहा इतका दाट झाला होता की चमचा उभा राहावा. तो सगळ्यांनी प्यायला, आणि कपबशा धुऊन झाल्या, तरी खोलीतली ती चक्की चालूच होती. शाळेतून पेपर संपवून पोरी आल्या. फाटकातला टेम्पो बघून आधी त्यांचे चेहरे पडले, आणि मग दारातून आत उजेड दिसताच चपला तशाच टाकून त्या आत घुसल्या.

भगवानराव व्हरांड्यात उभे राहून ते बघत होते. "नेमकं काय झालं होतं गं?" त्यांनी विचारलं.

"बोअरचं पाणी, सर," राजश्री म्हणाली.

"माजा कूलर," दगडाबाई म्हणाली. "म्याच वळवला हुता. आता जेवनघरात लावते. सर, तितं उकाडा लई हाय, तवाबी म्या सांगत हुते."

भगवानराव हसले. मग गंभीर झाले. "जून उजाडेपर्यंत बघू, राजश्री. मशीन टिकलं तर शाळा उघडल्यावर पगाराचं संस्थेत मांडतो. तोवर मानधनच. चालेल?"

"चालेल सर. पण मितू माझ्यासोबत असेल."

"ती आजही होतीच की."

बिभीषण रिकाम्या टेम्पोपाशी रेंगाळत होता. दगडाबाईनं त्याला हाक मारली आणि मागं पडलेल्या गंजक्या खाटांच्या चौकटी दाखवल्या. "रिकामा नगं जाऊ. भरलेल्या घरून मानूस रिकामं जात न्हाई." त्यानं चौकटी चढवल्या, आणि जाताना राजश्रीची तुटकी चप्पल उचलून पाहिली. टेम्पोतली तार काढून त्यानं तिचा अंगठा आवळून दिला.

"झटका दिला न्हाई बगा," तो म्हणाला. "कोपऱ्यातून ववली."

दगडाबाई तोवर एक जुनं लुगडं घेऊन खोलीत आली होती आणि झोळी बांधायला जागा शोधत होती. खिडकीचा गज तिला लांब वाटला. सर्व्हरच्या टेबलाचा पाय तिला पसंत पडला.

"तिथं नको मावशी!" राजश्री ओरडली.

"मग कुठं? लेकराला त्याचा आवाज आवडायलाय. बग की कशी निजली."

मितू खरंच झोपली होती, गोधडीच्या कडेला, त्या एका लयीतल्या घरघरीकडं तोंड करून. तिच्या मुठीत पांढरा दोरा होता, करड्या भुकटीनं मळलेला. राजश्री खाली वाकली. तो सोडवायला तिनं ओढला नाही. मुठीच्या कोपऱ्यातून करंगळी सरकवली, आणि दोरा आपण होऊन सुटला. तिनं तो गुंडाळून हत्यारांच्या पिशवीत टाकला.

"तो माजा हाय," दगडाबाई म्हणाली.

"आता नाही," राजश्री म्हणाली, आणि झोळी कुठं बांधायची ते बघायला उठली.